ताईसाठी कुठलं लिनक्स?

कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या त्या गृहस्थाला गल्लीत सगळे ‘लिनक्सराव’ म्हणत. लिनक्स म्हणजे कॉम्प्युटर जिच्या जिवावर चालतो ती प्रणाली. फुकट मिळणारी, आणि तिचे प्रकार तरी किती! जुन्या मशीनला झेपणारं वेगळं, शाळेचं वेगळं, गाणी रेकॉर्ड करणाऱ्यांचं वेगळं. दुकानात एकेकाचा पेनड्राइव्ह, वर चिकटपट्टी लावून नाव लिहिलेलं. असे बेचाळीस! नवं काही निघालं की याचे हात शिवशिवलेच. स्वतःचं मशीन उलटंपालटं करून झालं, की पुढचा नंबर ताईचा.

ताई म्हणजे थोरली बहीण, निवृत्त नर्स. नजर अधू झालेली. लेक जहाजावर नोकरीला, तिला रोज सकाळी ई-मेल लिहायचा, एवढंच ताईचं कॉम्प्युटरशी काम.

एके दिवशी जहाज बंदराला लागलं आणि भाचीचा फोन आला.

“मामा, तीन आठवडे आईचं पत्र नाही. विचारलं तर म्हणते, काही सुचत नाही. आईला सुचत नाही, हे पटतं का तुला?”

कसं पटणार? तो तडक ताईकडे गेला. तीन आठवड्यांपूर्वीच त्यानं तिच्याकडे एक नवं, देखणं लिनक्स बसवलं होतं. आता कॉम्प्युटरवर टॉवेल टाकलेला होता. तो काढून त्यानं मशीन सुरू केलं.

“अगं, खाली एवढं मोठं निळं बटण आहे की! दिसत नाही का?”

“नाही.”

तो हसणारच होता, पण ताई पडद्याच्या भलत्याच कोपऱ्याकडे बघत होती.

“कधीपासून?”

“वर्ष होत आलं. कुठे काय आहे ते हाताला पाठ झालं होतं रे. तू बदललंस की पुन्हा पाठ करायचे. या वेळी नाही जमलं.”

“मग बोलली का नाहीस?”

“तू इतक्या हौसेनं बसवतोस.”

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पडदा वाचून दाखवणारंही लिनक्स असतं, हे त्याला ठाऊक होतं. दिसायला रुक्ष म्हणून त्यानं ते कधी घेतलंच नव्हतं. त्याच दुपारी त्यानं ते उतरवून घेतलं, आणि दोन दिवस तो दुकानात डोळ्यांना रुमाल बांधून आधी स्वतः शिकला. गिऱ्हाइकं हसली. हसोत बापडी!

तिसऱ्या दिवशी ताई चाचपडत टाइप करू लागली. शेवटी मशीननं तिचं पत्र कोरड्या आवाजात वाचलं, “मला आता दिसत नाही. घाबरू नकोस. लिहिता येतं.”

“पाठवू?” ताईनं विचारलं.

त्यानं नुसती मान हलवली. मग एकदम लक्षात आलं, आणि तो मोठ्यानं म्हणाला, “पाठव, ताई.”