वडापात न बसणारा माणूस

"गाडी कुणाची?"

ओतूरच्या स्टँडसमोर माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान. तिथं येऊन नाना हाच प्रश्न विचारायचे. ते एसटीचे रिटायर कंडक्टर. स्टँडवरचे प्रवासी पळवणाऱ्या वडापच्या, म्हणजे बेकायदा खासगी, जिपांशी भांडण्यात त्यांची उभी हयात गेली. अशा माणसाला इंग्रजीतली जपानी प्रेमकथा हवी होती, तीही चित्रांची. हसू नका. मी हसलो तेवढं पुरे.

भानगड अशी झाली. नानींची नजर साखरेनं गेलेली. नात सुट्टीत आली, तिनं मोबाइलवरची एक मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, आजीला मराठीत सांगत निम्मी वाचली आणि कॉलेजला पुण्याला निघून गेली. गोष्टीत बेकरीतली पोरगी आणि तिच्यावर जीव असलेला शेजारचा अबोल सुतार, पण सुताराच्या तोंडून शब्द फुटेना. इकडं नानींचा जीव टांगणीला. "त्यो बोलतो का न्हाई, तेवढं बघा की," असा रोजचा धोशा.

मी मिनिटात फुकटची साइट काढून दिली. नानांनी चष्मा चढवला.

"गाडी कुणाची ही?"

"कुणाची का असेना, नाना. फुकट आहे की!"

"चित्रं काढणाऱ्या बाईला यातलं काय मिळतं?"

"काही नाही."

"मग वडाप हाय. बंद कर."

तेवढ्यात पडद्यावर एक उघडीनागडी जाहिरात नाचायला लागली. नानांनी माझ्या कॉम्प्युटरचं बटणच दाबलं.

मग शोधाशोध सुरू झाली. म्हातारा लई चिवट! प्रत्येक साइटवर आधी प्रकाशकाचं नाव शोधायचं, मग प्रकाशकाच्या स्वतःच्या साइटवर जाऊन त्यानं हे दुकान आपलं म्हटलंय का ते बघायचं. एक खरी निघाली, पण ती भारतात चालेना. नाना खवळले, "एवढी मोठी गाडी आन् आपल्या फाट्याला थांबत न्हाई?" दुसरीकडं पुस्तक होतं, पण आपलं कार्ड घेईना. नाना बँकेत गेले आणि ठाण मांडून बसले.

"परदेशातून काय घ्यायचंय?" साहेबानं विचारलं.

"प्रेमकथा," नाना खणखणीत आवाजात म्हणाले. अख्खी रांग वळून बघायला लागली. कार्ड मात्र चालू झालं.

पुस्तक मिळालं त्या दिवशी नानांनी मला भजी खायला घातली. रोज संध्याकाळी ते नानींना वाचून दाखवायचे. इंग्रजी बेताचंच, अडलं की फोन करून मला शब्द विचारायचे. असं करत कथा शेवटाला आली. शेवटचा भाग तेवढा इंग्रजीत यायचा होता.

तो यायच्या आधीच नाना गेले. सकाळी चहा घेता घेता छातीत कळ आली, संपलं. मला फार राग आला. एवढा सरळ माणूस जातो आणि समोर जिपा आपल्या भरतच असतात.

महिन्याभरानं नानी शेजारणीचा हात धरून दुकानात आल्या. "शेवटचा भाग आलाय म्हनं. खऱ्या ठिकानाहून घ्या आन् वाचून दाखवा. ह्यांना शब्द तुमीच सांगायचा ना?"

मी तो विकत घेतला. खुर्ची दिली आणि वाचायला बसलो. गिऱ्हाइकं खोळंबली होती, खोळंबू देत. बऱ्याच पानांनंतर सुतार एकदाचा बोलला. नानींनी पदरानं डोळे पुसले.

"बोलला बाई! आता ती काय म्हनती?"

मी वाचायला लागलो.

"थांबा. आमचे हे तिचं बोलनं बारीक आवाजात काढायचे."

भरल्या दुकानात मी घसा खाकरला आणि आवाज बारीक केला.

"आनखी बारीक," नानी म्हणाल्या.