रॉनच्या काहिलीला भेंडी

सन दोन हजार बावीस. मला बहात्तरावं चालू होतं. दारात जीप उभी, बॅगा टपावर बांधलेल्या, आणि मी तीन वेळा उतरून परत घरात गेलो. एकदा गॅसचं बटण बघायला, एकदा पाण्याची मोटर बंद आहे का ते बघायला, एकदा नुसतं कुलूप ओढून बघायला. चौथ्यांदा उतरायला लागलो तेव्हा मला न्यायला अमेरिकेतून आलेल्या महेशनं, माझ्या मुलानं, हात धरला. "आबा, घर कुठं पळून चाललंय का?" पळून मीच चाललो होतो. बायको जाऊन वर्ष झालेलं, एकट्याचा स्वयंपाक करून जीव विटलेला. पण तसं बोलून दाखवणं माझ्या स्वभावात नाही. गावात सांगितलं, नात बोलावतेय म्हणून जातोय.

मी चौथी शिकलेला माणूस. पण कोल्हापूरकडच्या गुऱ्हाळांवर बेचाळीस वर्षं गुळव्या होतो. उसाचा रस काहिलीत उकळत असतो तेव्हा समोर उभा राहून तो कधी उतरवायचा हे सांगणारा, तो गुळव्या. मालक कितीही मोठा असो, काहिलीवर हुकूम माझा. असा माणूस मिशिगनात, नोव्हायला येऊन पडला, जिथं त्याला डिशवॉशरसुद्धा कोणी लावू देत नाही. "आबा, राहू द्या, तुम्ही बसा." बसून बसून किती बसणार?

मग मी काळजी करायला घेतली. जे काम हातात घेईन ते पुरतं करायची मला सवय. महेश बर्फातून ऑफिसला ड्राइव्ह करतो, मी खिडकीत. सुनेचा, श्रद्धाचा, फोन लागला नाही की माझे लागोपाठ पाच फोन. गावाकडं पाऊस जास्त झाला तर छपराची काळजी, कमी झाला तर विहिरीची. छाती धडधडायची, हात गार पडायचे. डॉक्टरनं सगळ्या तपासण्या केल्या आणि हृदय उत्तम आहे म्हणाला, काळजी कमी करा, आत्ता जे समोर आहे त्यात मन ठेवा. श्रद्धानं फोनवर एक व्हिडिओ लावून दिला. त्यातली बाई सांगत होती, श्वास घ्या, श्वास सोडा. मी तिला म्हटलं, बहात्तर वर्षं काय करत होतो मग? फोन उलटा ठेवून दिला.

या हिवाळ्यात सई, माझी नात, सोळा वर्षांची झाली आणि तिला गाडीचं लायसन्स मिळालं. आई-बापानं पेढे वाटले. मला तर अन्न गोड लागेना. ती पहिल्यांदा एकटी निघाली त्या सकाळी मी घरातली खुर्ची उचलली आणि ड्राइव्हवेमध्ये गाडीच्या मागं टाकून बसलो. उणे सहा टेंपरेचर, अंगावर दोन स्वेटर.

"आबा, धिस इज नॉट फनी. मला प्रॅक्टिसला उशीर होतोय."

"बापाला म्हण सोडायला."

"डॅड झोपलाय!"

"मग उठव. मी काही उठत नाही."

शेजारीपाजारी बघायला लागले. महेश नाईट पँटवर बाहेर आला, एकदा माझ्याकडं आणि एकदा खुर्चीकडं बघितलं, आणि मुकाट्यानं तिला सोडून आला. चावी ड्रॉवरमध्ये गेली. मी जिंकलो. पण पोरगी माझ्याशी बोलायची बंद झाली. तीन आठवडे. माझ्या शेजारी बसून जेवायची आणि वरण मात्र आईला मागायची. तिचं ऐकावं असं शंभरदा वाटलं. पण खुर्ची टाकून बसलेल्या माणसानं कसं म्हणायचं, जा बाई?

मार्च लागला. एका रविवारी दुपारी पोर्चवर बसलो होतो आणि नाकात वास शिरला. काहिलीचा. शेजारी रॉन म्हणून माझ्याच वयाचा गोरा राहतो, तो अंगणात लाकडं पेटवून पत्र्याच्या पसरट कढईत काहीतरी उकळत होता. मी सरळ जाऊन उभा राहिलो. त्यानं झाडाकडं बोट दाखवलं. खोडाला भोक पाडलेलं, खाली बादली, त्यात पाणी ठिबकत होतं. चाखलं, किंचित गोड. हिवाळा सरताना मेपलचं झाड असं पाझरतं म्हणे, ते आटवून पाक करतात.

रॉननं आमच्या घराकडं हात करून सईला दुभाष्या म्हणून बोलावलं. ती आली, तोंड फुगवूनच. "रॉन म्हणतोय, चाळीस बादल्या आटवल्या की एक बादली पाक होतो," एवढंच तिनं सांगितलं. माझं लक्षही नव्हतं तिच्याकडं. कढईवर मळी, म्हणजे घाणीचा फेस, आली होती आणि हा भला माणूस ती चहाच्या गाळणीनं काढत होता. मी त्याच्या हातातून गाळणी घेतली. जाळ एका बाजूला जास्त होता, तो सारखा करायला त्याला खुणेनं सांगितलं. तो हसत हसत लाकडं सारू लागला. बेचाळीस वर्षांत मला इतका आज्ञाधारक चुलव्या मिळाला नव्हता.

माझा बापही गुळव्या. तो म्हणायचा, "डोकं घरी ठेवून काहिलीसमोर येऊ नको. इथला गूळ करपेल, आणि घरी नुसत्या डोक्याचा काय उपयोग?"

मळी काही धरेना. गुऱ्हाळावर आम्ही भेंडीचं पाणी सोडतो, ते सगळी घाण गोळा करून वर आणतं. मी मान न वळवता ओरडलो, "भेंडी आण! पळ, पळ!"

मग मी होतो, आणि कढई होती. बुडबुडे आधी मोठे फुटतात, मग बारीक होतात, मग आवाज बदलतो. किती वेळ गेला सांगता येत नाही. कोणीतरी माझ्यापुढं पिशवी धरली. पाव किलो भेंडी. सईच्या दुसऱ्या हातात गाडीची चावी होती.

"फ्रिजमध्ये नव्हती. मम्मीला विचारून इंडियन स्टोअरला गेले. आय ड्रोव्ह." जरा थांबून म्हणाली, "तुम्हीच पाठवलंत, आबा. तुम्हीच म्हणालात, पळ."

मी छातीवर हात ठेवला. काही नाही. धडधड नाही. घाबरावं का, असा विचार केला, पण जिच्यासाठी घाबरायचं ती तर समोर उभी, धडधाकट. ती गेली, वळणं घेतली, सिग्नलला थांबली, परत आली, आणि या सगळ्यात माझ्या काळजीची कुणालाच गरज पडली नव्हती. एवढे दिवस मला वाटायचं, मी खिडकीत उभा असतो म्हणून ही माणसं सुखरूप घरी येतात.

मळी वर येत होती. "बघत काय बसलीस? ठेच ती भेंडी," मी म्हटलं. ती खो खो हसली.

रॉनला पाक हवा होता, तो त्याच्या हिशेबानं बाटल्यांत भरला. उरलेला मी आणखी आटवला आणि ताटात ओतून त्याचा गूळ पाडला. आपल्या गुळाची सर नाही, पण रॉन बोटं चाटत होता. सई कोमट खडा चघळत म्हणाली, "सो? उद्या प्रॅक्टिसला मी जाऊ?"

"उद्याचं उद्या बघू," म्हणालो. लगेच हो म्हणायचं म्हणजे जरा जडच जातं.

तुम्ही गावाकडची मंडळी फोनवर विचारता, आबा, तिथं करमतं का, परत कधी येणार. माझ्यासारखे पोरांकडं येऊन राहिलेले इथले काका लोकही मराठी मंडळाच्या कार्यक्रमात हेच बोलतात. खरं सांगायचं तर, गावात होतो तेव्हा जीव इथं पोरापाशी आणि इथं आलो तेव्हा तिकडं कुलपापाशी. दोन घरं होती आणि मी एकाही घरात नव्हतो. त्या दुपारी पहिल्यांदा मी जिथं उभा होतो तिथंच होतो. काळजी गेली असं म्हणत नाही, येते ती. पण हाताला काम दिलं की बसून राहत नाही. हल्ली मी भांडी हातानं घासतो. श्रद्धा आता 'तुम्ही बसा' म्हणत नाही.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी सईच्या आधी उठलो. गाडीच्या काचेवर बर्फ धरला होता, तो खरवडून काढला, चारी काचा. ती आली, बघितलं, म्हणाली, "थँक्यू, आबा." मी बाजूला झालो. गाडी कोपऱ्यावर वळली तेव्हा मी आत आलो आणि खिडकीकडं न जाता दात घासले.