पेला वेगळा, हवा एकच

कल्याणच्या तरुण डॉक्टरांनी एक्स-रे, म्हणजे छातीचा फोटो, उजेडात धरला आणि डाव्या फुफ्फुसावरच्या डागावर बोट ठेवलं. "क्षय आहे. घरात लहान मूल आहे का?"

मला चौदा महिन्यांची मुलगी होती, सुमन. ती माझ्याच कुशीत झोपायची. पुढचं काही मला धड ऐकू आलं नाही.

बाहेर आलो तर इंजेक्शनच्या रांगेत नाना बसलेले. मी मुरबाडचा शिंपी. बाजारातल्या नानांच्या दुकानात आम्ही दोघंच. काजं करण्यापासून कोट बेतण्यापर्यंत मला सगळं नानांनी शिकवलं. दर मंगळवारी आणि शुक्रवारी ते एसटीनं कल्याणला जायचे, धागा-बटणं आणायला म्हणून. मीही त्या दिवशी त्यांना सासुरवाडीचं नाव सांगून आलो होतो.

"किती दिवस झाले?" मी विचारलं.

"दीड वरीस," ते खाली बघत म्हणाले. "पन बाळू, मी तुला जपलाय रे. माझ्या पेल्याला कधी हात लावू दिला नाय."

ते खरं होतं. खुंटीजवळ त्यांचा पितळी पेला वेगळा, चहाची बशी वेगळी. मला वाटायचं म्हातारा सोवळ्याचा आहे. चार लोकांत मी त्याचं कौतुकही करायचो, मूर्खासारखं. आणि हाच माणूस पावसाळाभर, कापडाला ओल धरते म्हणून दुकानाच्या फळ्या लावून घ्यायचा. आत कोळशाची इस्त्री, समोरासमोर दोन मशिनी आणि दिवसभर त्यांचा खोकला.

"नाना, तुमी माझा गळा कापलात," मी सगळ्यांदेखत म्हणालो.

तेच तरुण डॉक्टर बंद जागेत हा रोग कसा पसरतो याचा अभ्यास करत होते. आठवड्यानं ते वही घेऊन दुकानात आले. फळ्या लावायला सांगितल्या, नानांच्या मशिनीवर उदबत्ती लावली आणि मला माझ्या जागेवर बसवलं. थोड्याच वेळात धूर माझ्या नाकाशी. टांगलेल्या कोटालाही वास लागला.

"खोकल्यातले थेंब सुकतात आणि त्यांचे बारीक कण असेच तरंगत राहतात," ते म्हणाले. "धूर दिसतो, ते दिसत नाहीत. पेला कितीही घासा, श्वास दोघांचा एकाच हवेतला."

मग त्यांनी फळ्या काढायला लावल्या. धूर विरून गेला. वहीत काहीतरी लिहीत त्यांनी सहज विचारलं, "घरी सांगितलंत ना?"

मी सांगितलं नव्हतं. आठ दिवस मी माझा पेला वेगळा ठेवत होतो, बायकोला घशाचं पथ्य आहे म्हणत होतो आणि सुमनकडे पाठ करून झोपत होतो. खोली तीच, खिडकी बंद.

त्या संध्याकाळी इंदूला सगळं सांगितलं, नानांचंही. नानांना शिव्या घालत होतो तोवर ती ऐकत होती. मग म्हणाली, "अवो, नाना परका मानूस होता. तुमी कोन होतात?"

सकाळी ती सुमनला घेऊन शहापूरला माहेरी गेली. मी अडवलं नाही.

पुढचे महिने स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं आणि मळमळ आणणाऱ्या औषधाच्या पुड्या. कान वाजायचे. झोपायचो ओटीवर, उघड्या हवेत. पण खरी वाट बघत होतो ती सुमनच्या फोटोची. डॉक्टरांनी तिला दोनदा बोलावून तपासलं आणि शेवटी चिठ्ठी धाडली की तिची छाती स्वच्छ आहे. ती चिठ्ठी वाचून मी एकटाच रडलो. त्या डॉक्टरांचे उपकार मी विसरणार नाही.

तुमच्यापैकी कुणाच्या फोटोत असा डाग निघाला तर आधी घरात आणि कामाच्या जागी सांगा. खिडक्या उघडा. पेल्याचं नंतर बघू.

नानांवरचा राग गेलेला नाही. पण तो बोलून दाखवायला मला आता तोंड नाही.

माझ्या थुंकीत जंतू नाहीत असं कळल्यावर इंदू परत आली. उंबऱ्यातूनच तिनं आतल्या खिडकीकडे पाहिलं. उघडी होती. सुमन मला ओळखेना, आईच्या खांद्यात तोंड लपवून बसली. इंदूनं तिला सोडवून माझ्या हातात दिली, पण घरात नाही. बाहेर, ओटीवर.