आबांचा पहारा

आबांना माझं नाव अजून आठवत होतं, तेवढ्यावर मी दिवस काढत होते. मुंबईच्या माझ्या भावाला ते विसरून गेले होते. गणपतीत तो घरी आला तेव्हा मीटरवाला समजून त्यांनी त्याला बाहेरच उभं केलं. भावाने थट्टेवारी नेलं खरं, पण मागच्या पडवीत त्याला डोळे पुसताना मी पाहिलं.  तेव्हापासून रोज सकाळी मी आबांना विचारायची, "मी कोण?" ते वैतागून म्हणायचे, "खुळी झालीस काय गो?" आणि वर माझं नाव घेऊन ओरडायचे. बापाची बोलणी खाऊन एवढं बरं वाटलेली लेक महाडात दुसरी नसेल.

डॉक्टर म्हणाले, जुन्या जागा दाखवा, जुन्या गोष्टी काढा. मला एकच जागा सुचली. दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी आबा पलटणीत होते आणि कशेडी घाटाच्या अलीकडे रानात लष्कराचं हेडक्वार्टर होतं, तिथे ते दारावर पहारा द्यायचे. लहानपणी आम्ही त्या पहाऱ्याच्या गोष्टी इतक्या ऐकल्या होत्या की आबांनी सुरुवात केली की भाऊ पांघरुणात शिरायचा. जागा मात्र आम्ही कोणीच पाहिली नव्हती.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी निघालो. मी शाळेत शिकवते, त्यामुळे सहल म्हटली की आधी काय काय वाईट होईल तेच मला दिसतं. पाणी, साखर, गोळ्या, टॉर्च, आबांचे जादा कपडे, सगळं पिशवीत कोंबलं. एसटीत आबा खिडकीशी बसले आणि पोलादपूर येईपर्यंत विचारत राहिले, "महाड आलं काय?" पुढे माणशी पैसे घेणाऱ्या वडापच्या जीपने घाटाच्या पायथ्याशी उतरलो. तिथल्या वाडीतला एक शेळ्या राखणारा माणूस वाट दाखवायला तयार झाला.

"तिथं काय हाय बघन्यासारखं, ताई? दगड नि धोंडं. आमी पन जात नाय," तो म्हणाला.

वाळक्या पानांतून चालताना जरा खसखस झाली की मला सापच वाटायचा. आबांचा पाय घसरेल, त्यांना चक्कर येईल, शेवटची एसटी चुकेल, अशा काळज्या मी एकीमागून एक करत होते. आबा मात्र काठी टेकत मजेत चालले होते.

तासाभराने ते ठाणं आलं. चिऱ्याचे दोन खांब, त्यांच्या मागे पाच-सहा चौथरे, छप्पर नसलेली एक भिंत आणि तिच्यात घुसलेली वडाची मुळं. एवढंच. हे बघायला म्हाताऱ्या माणसाला एवढं दमवलं म्हणून मला माझाच राग आला.

"आबा, ओळखलंत का?"

ते खांबावरून हात फिरवत राहिले. मी खांबांच्या मधून आत गेले, चौथरे पाहिले आणि परत फिरले. तोवर आबा दोन खांबांच्या मध्ये ताठ उभे होते.

"थम! हुकुमदार!"

गोष्टीत पहारेकरी 'कोण येतंय' विचारायला असंच ओरडायचा. मला हसूच आलं. पण आबांनी काठी आडवी धरली होती आणि तिचं टोक माझ्या छातीशी होतं.

"आबा, मी आहे." मी माझं नाव सांगितलं. त्यांच्या चेहऱ्यावर काहीही हललं नाही. पुन्हा सांगितलं. मग जोरात सांगितलं, वर्गात हजेरीला पुकारतात तसं.

"परवलीचा शब्द?" त्यांनी विचारलं.

 मीच त्यांना इथे आणलं होतं. मी तो शब्द कुठून आणणार? मी आईचं नाव घेऊन पाहिलं, महाडचं घेतलं. काठी हलली नाही.

"उनं कलली," शेळ्यांवाला हळूच म्हणाला. "म्हातारबाला उचलून नेऊ काय?"

मी नाही म्हणून मान हलवली. आबांना उचलून नेण्याची कल्पनाच मला सहन होईना. मग त्यांच्याच गोष्टीतलं आठवलं. पहारेकरी कोणाच्याही सांगण्यावरून जागा सोडत नाही, साहेबाच्यासुद्धा. त्याची बदली यावी लागते, म्हणजे त्याच्या जागी दुसरा शिपाई. मी पदर कमरेला खोचला, टाचा जुळवल्या आणि म्हटलं, "बदली आली."

आबांनी मला खालून वर न्याहाळलं. मग काठी माझ्या हातात दिली.

"आत मानसं निजलीत," ते म्हणाले. "डोळा लागू देऊ नको. बदली आल्याबिगर हलायचं नाय."

त्यांनी सलाम ठोकला आणि वळून शेळ्यांवाल्याबरोबर उतरायला लागले. पाय टाकत होते तरुण पोरासारखे. मी त्या खांबांमध्ये काठी धरून उभी राहिले. वळणाआड दोघं दिसेनासे झाले, तशी मी धावत सुटले.

दोन वळणं खाली आबा एका दगडावर बसून शेळ्यांवाल्याच्या बाटलीतलं पाणी पीत होते, त्या माणसाशी छान गप्पा मारत होते. मला पाहून ते उठले. आता नाव घेऊन ओरडतील, मला वाटलं.

"पोस्ट सोडून आलास?" त्यांनी दरडावून विचारलं. "आत मानसं निजलीत, नि तू पळून आलास?"

खाली रस्त्यावर जीप मिळाली, मग पोलादपूरला एसटी. आबा पुढे ड्रायव्हरच्या मागे जाऊन बसले. मी शेजारी टेकले तर उठून दुसऱ्या बाकावर गेले. कंडक्टरने त्यांना विचारलं, "आजोबा, बरोबर कोण आहे?"

"कोन नाय," आबा म्हणाले. "येकटाच हाय."

कंडक्टर गाडीभर बघायला लागला. मी मागून हात वर केला आणि महाडची दोन तिकिटं मागितली.