बादलीतलं पाणी सांडलं नाही

बाप परळच्या एका गिरणीत, सूत कातायच्या रिंगखात्यात. कापड विणायच्या साच्याखात्यात त्याला कधी घेतलं नाही. तिथं धोट्याच्या भोकातून धागा तोंडानं ओढावा लागायचा. आमच्या ओठांना लागलेला धोटा दुसऱ्यांना चालत नव्हता.

"सुताला जात नसती," बाप म्हणायचा. "सूत तोंडात धरणाऱ्याला असती."

भोईवाड्यात एका खोलीत आम्ही आठ जण. त्यातून मी कॉलेजात गेलो. घराण्यातला पहिला. आदल्या वर्षी दीक्षा घेतली होती, बौद्ध झालो होतो. कॉलेजातल्या पाण्याच्या माठाला ते कळलं नव्हतं.

वर्तुळाकार गती शिकवायची म्हणून सरांनी वर्गात बादली आणवली. कडीला दोरी, आत अर्धी बादली पाणी. डोक्यावरून गरगर फिरवायची, पाणी सांडता कामा नये. "कोण फिरवतो?" माझा हात पहिला वर गेला.

सरांनी माझ्याकडे बघितलं. मग बादलीकडे.

"तू नको. पाणी उडालं तर पहिल्या बाकावर पोरं बसलीयत."

बादली गिरगावच्या एका मुलाला दिली. तो भ्याला. बादली डोक्यावर आली आणि त्यानं हात आखडला. सगळं पाणी त्याच्याच अंगावर. वर्ग हसला. सरही हसले, "काय रे, आंघोळ राहिली होती का आज?"

मी म्हणालो, "सर, वरच्या टोकाला वेग कमी पडला."

"तुला विचारलं?"

मग काय झालं मला, सांगता येत नाही. उठलो. बादली घेतली, कोपऱ्यातल्या नळावर भरली. मागून आवाज आला, "सांभाळा रे, घरी जाऊन परत आंघोळ!" पहिला बाक उठला. दुसरा उठला. सगळे भिंतीला चिकटले. रिकाम्या वर्गात फिरवावी तशी मी बादली फिरवली. पाच फेरे. थेंब सांडला नाही.

सर म्हणाले, "वर्गाची शिस्त मोडलीस. माफी लिहून आण. नाहीतर जर्नलवर सही नाही."

सही नाही म्हणजे परीक्षा नाही.

बाप रात्रपाळीला निघाला होता. म्हणाला, "लिवून दे. कागदच हाय. आमी तर उभा जल्म वाकलो." त्याच्याकडे बघवेना. मी लिहिलं नाही.

त्याच आठवड्यात लालबागला मोर्चा होता. मुंबईसह महाराष्ट्र मागायला सगळे उतरलेले. तो गिरगावचा मुलगा गर्दीत नेमका माझ्या शेजारी आला. माझ्या हातात हात अडकवून घोषणा देत होता. घोषणेत आम्ही एक. घामानं विटाळ होत नव्हता. पाण्यानं होत होता.

वर्ष गेलं. शिष्यवृत्ती गेली. मी बापाच्याच खात्यात बदली कामगार म्हणून लागलो. तिथं रिंगवरून एवढंसं लोखंडी कडं मिनिटाला हजारो फेरे घेतं. बघत उभा राहायचो. गोल फिरणाऱ्या वस्तूवर बल असतं ते आत, केंद्राकडे. त्वरणही केंद्राकडेच. सारखी ओढ केंद्राची, आणि अंतर तसूभर कमी होत नाही. पुस्तकात हे चार ओळींत आहे. मला ते बापाच्या तोंडाकडे बघून कळलं. तीस वर्षं फिरला तो, त्याच अंतरावर.

तुटलेलं सूत सांधताना मी ठरवलं. आत घ्या म्हणून कोणाच्या पाया पडायचं नाही. पण बादलीवरचा हातही सोडायचा नाही.

दुसऱ्या कॉलेजात नाव घातलं. पाळी करून शिकलो. महाराष्ट्र झाला. साच्याखात्याचं दार बापाला तेव्हाही बंदच होतं.

मी बी.एस्सी. झालो. पदार्थविज्ञान, दुसरा वर्ग, एक वर्ष उशिरा. माफी लिहिली नाही. लिहिणार नाही.