मागच्या सीटवरची बाई

आमचे हे जहाजावर काम करतात म्हटलं की लोकांना वाटतं, कप्तानाच्या शेजारी उभे राहून दुर्बिणीतून बघत असतील. मग मी खरं काय ते सांगते. सहलीच्या मोठ्या जहाजाच्या अगदी वरच्या मजल्यावर एक रोलर कोस्टर आहे, तो हे सांभाळतात. यावर समोरच्याला आधी खरंच वाटत नाही. समुद्रात रोलर कोस्टर कशाला, हा प्रश्न मलाही पडला होता. जहाज आधीच हलतं, त्यावर चढून आणखी हलायचं! पण हौसेला मोल नसतं. हौस त्या पाहुण्यांची, आणि हाडं झिजतात आमच्या ह्यांची.

माझं कपडे दुरुस्तीचं दुकान आहे. चेन बदलायची, पँट आखूड करायची, बाह्या सैल करायच्या, असली कामं. माझी जीभ कात्रीपेक्षा धारदार आहे असं माझी मुलगीच म्हणते. शिवण उसवली म्हणून तक्रार घेऊन आलेल्या माणसाला मी आधी तो किती सुटलाय ते ऐकवते आणि मगच शिवून देते. तरी गिऱ्हाईक तुटत नाही, कारण शिवण पक्की असते.

फक्त ह्यांच्यावर मी तोंड टाकत नाही. म्हणजे पूर्वी टाकायचे, चांगली रोज टाकायचे. ते जहाजावर जायला लागले आणि मी ते बंद केलं. वर्षातून एकदा माणूस सुट्टीवर येणार, अर्धी सुट्टी झोपेत जाणार, उरलेल्या दिवसांत कशाला त्याचं डोकं खायचं? त्यांनी ओला टॉवेल गादीवर टाकला, मी उचलला. पंखा चालू ठेवून बाहेर गेले, मी बंद केला. शेजारीण म्हणायची, हे घरी आले की तू ओळखूच येत नाहीस. मला त्याचा अभिमान वाटायचा.

पण माणूस दमत चालला होता. मागच्या सुट्टीत जेवता जेवता त्यांचा डोळा लागला, घास हातातल्या हातात. तेव्हाच मी ठरवलं, आता पुरे. त्यांचा करार संपत आला होता आणि पुढचा करायचा की नाही, हे शेवटच्या सफरीत साहेबाला सांगायचं होतं. मी फोनवर विचारलं की ह्यांचं उत्तर ठरलेलं, “बघू.” लग्न झाल्यापासून हे ‘बघू’ ऐकतेय. ते हो नसतं, नाहीही नसतं, आणि त्यावर भांडताही येत नाही. त्या सफरीला बायकोला सोबत आणायची सवलत मिळाली, तशी मी दुकानाला कुलूप घातलं आणि निघाले. ह्यांना घेऊनच परतायचं, अशी खूणगाठ मनाशी बांधली होती.

काम करणाऱ्यांच्या खोल्या जहाजाच्या पोटात, पाण्याच्याही खाली. खिडकी नाही. दिवा मालवला की आपले डोळे उघडे आहेत की मिटलेले, तेही कळत नाही. एकावर एक दोन पलंग, त्यातला वरचा मला. इंजिनाची घरघर गादीतून पाठीत शिरायची. पहिल्याच संध्याकाळी मी विचारलं, “मग काय ठरवलंत?”

“बघू,” ते म्हणाले आणि बुटांसकट झोपले. मी नाड्या सोडल्या. शर्टाच्या कॉलरवर मिठाचा पांढरा पट्टा उमटला होता, आणि तो घासून घासूनही जात नव्हता. पुढचे सगळे दिवस असेच गेले. ते वर कामावर, नाहीतर खाली झोपेत. लोक सहलीला जाऊन समुद्र बघतात, मी झोपलेल्या नवऱ्याची राखण केली. मलाही थकवा येऊ लागला होता, काही न करता येणारा थकवा. तो फार वाईट.

शेवटच्या सकाळी ह्यांनी मला हलवून उठवलं. “चल, तुला फिरवून आणतो. पाहुणे यायच्या आधी घरच्या माणसाला बसवता येतं.”

वर वारा होता आणि नुसतं फटफटलं होतं. रूळ मजल्याच्या चारी बाजूंनी वळसे घेत गेलेले, एका ठिकाणी तर थेट कठड्याबाहेर, समुद्राच्या डोक्यावर. हे बादली घेऊन रूळ पुसत निघाले. रात्रभरात बसलेलं मीठ गोड्या पाण्याने रोज काढावं लागतं, नाहीतर लोखंड खातं. प्रत्येक नटबोल्टवर रंगाची एकच सरळ रेघ मारलेली. रेघ तुटलेली दिसली की समजायचं, नट फिरलाय. ते वाकून वाकून त्या रेघा बघत होते आणि प्रत्येक वाकण्याला गुडघ्यावर हात ठेवत होते.

तिथला एक नियम आहे. ज्याने रूळ तपासला, पहिल्या फेऱ्या त्यानेच मारायच्या. एक चालण्याच्या वेगाने, खाली बघत बघत, आणि दुसरी भरधाव. त्याच्या मागच्या सीटवर माणसाच्या वजनाची पाणी भरलेली प्लॅस्टिकची बाहुली बसवायची. गाडी म्हणजे फटफटीसारखीच, दोन सीटा एकामागे एक, आणि वेगाची मूठ पुढच्याच्या हातात. ह्यांनी बाहुलीला काखेत धरून उतरवलं, कठड्याला टेकवलं आणि मला तिच्या जागी बसवलं. बिनडोळ्यांची, गोऱ्या प्लॅस्टिकची ती बया माझ्याकडे तोंड करून उभी.

“ही माझी सवत का?” मी म्हटलं.

त्यांनी माझ्या छातीवरचा दांडा खाली ओढला, हिसका देऊन पाहिला आणि पुढे बसले. खोलीएवढ्या काचेच्या कोठडीत त्यांचा जोडीदार बसला होता. त्याला आमची भाषा येत नाही. त्याने बटण दाबलं आणि गाडी हळूहळू सरकली.

हे डावीकडे बघत, उजवीकडे बघत, आणि बोलायला लागले.

“अगं, इथला रंग उडालाय बघ. परत मारायला हवा. काल गुडघ्याने झोपू दिलं नाही. तुला फोनवर सांगणार होतो, मग म्हटलं कशाला.”

फोनवर? मी तर इतके दिवस त्यांच्या डोक्यावरच्या पलंगावर झोपत होते. आणि एवढं सलग बोलणं मी लग्नानंतर कधी ऐकलं नव्हतं. मी वळून कठड्याकडे पाहिलं, ती बाहुली तशीच उभी. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. रोज सकाळी ते तिलाच ‘अगं’ म्हणत होते, मीच मागे बसलेय असं समजून. आज सवयीने तोंड सुरू झालं होतं, आणि मागे खरोखरची मी आहे हे दमलेल्या माणसाच्या ध्यानातच राहिलं नव्हतं. बोलावं की गप्प बसावं, मला कळेना.

“साहेब आज विचारणार,” ते म्हणाले. “नको म्हणायचं मनात आहे गं. अंगात राहिलं नाही काही. पण घरी येऊन मी करू काय? तुझी सगळी घडी बसलेली आहे. मी मधे आलो की नुसती अडचण. मागच्या सुट्टीत मी बरणी उचलून कुठेतरी ठेवली. तू आलीस, माझ्यासमोरून उचललीस, जागेवर ठेवलीस. एक शब्द नाही. टॉवेल उचलतेस, एक शब्द नाही. पूर्वी केवढी ओरडायचीस! घरच्या माणसावर ओरडतात. पाहुण्याला कोण बोलतं?”

गाडी कठड्याबाहेर गेली. खाली काळं पाणी होतं, मी तिकडे पाहिलंही नाही. मला फार वाईट वाटलं. मी तोंड शिवून घेऊन ज्या माणसाला सुख देत होते, तो माणूस तेवढ्यानेच स्वतःच्या घरात पाहुणा झाला होता.

फेरी संपून गाडी थांबली. दुसऱ्या फेरीआधी दांडा तपासायला ते मागे वळले, आणि त्यांना माझा चेहरा दिसला. हात दांड्यावरच राहिला. कानापर्यंत लाल झाले. चटकन पुढे वळून त्यांनी वेगाची मूठ पिरगळली.

त्या फेरीबद्दल मला विचारू नका. पोट एकीकडे, मी एकीकडे. वारा तोंडात शिरून गाल फडफडत होते. एवढंच दिसलं की ह्यांनी मान खाली घातली होती. मी हात लांब करून त्यांची कॉलर धरली, ती मिठाची कॉलर, आणि गाडी थांबेपर्यंत सोडली नाही.

थांबल्यावर मात्र मी श्वास घेतला आणि सुरू झाले.

“अहो, अक्कल कुठे गहाण टाकली आहे का तुम्ही? ती मिठाची बरणी होती, आणि तुम्ही ती साखरेच्या जागी ठेवली होती! चहात मीठ प्यायला असतात म्हणजे कळलं असतं! आणि तो टॉवेल! गादीला वास मारायला लागला होता, वास! पंखा काय भुतांना वारा घालायला चालू ठेवता? आणि मनातलं सांगायला तुम्हाला प्लॅस्टिकची बाई लागते? मी मेले होते का?”

कोठडीतला जोडीदार धावत बाहेर आला, काही तरी बिघडलं असं समजून. ह्यांनी त्याला हातानेच थांबवलं. त्यांचे खांदे हलत होते. मला वाटलं हसतायत, मग वाटलं रडतायत. दोन्ही चाललं होतं.

“अजून बोल,” ते म्हणाले.

“बोलणारच आहे. साहेबाला ‘बघू’ म्हणालात तर याद राखा.”

“नाही म्हणून सांगतो.” त्यांनी बाहीने डोळे पुसले, सावकाश उतरले आणि माझा दांडा वर केला. मग गुडघ्यावर हात ठेवून तसेच उभे राहिले. “पण ती बरणी ठेवायची तरी कुठे?”

“खालच्या फळीवर, डावीकडे!” मी ओरडले. “किती वेळा सांगायचं?”

एकदाही सांगितलं नव्हतं.