रिझवानाबीची इंग्रज बाई

रोह्याच्या मोहल्ल्यात रिझवानाबीला भांडताना कुणी पाहिलेलं नाही. शरीफभाईंनी म्हणावं आणि तिनं मान डोलवावी, असा सगळा संसार सुखात चालला होता. सुख कुणाचं, ते विचारू नका.

त्या घरात मुनीरा सून म्हणून आली. नवरा तमीम कुवेतला, आणि ती पेणच्या कॉलेजात इंग्रजी घेऊन एम.ए. करायला लागली. संध्याकाळी भाकऱ्या थापता थापता ती सासूला अभ्यासातल्या कादंबऱ्या सांगायची. त्यातल्या एका इंग्रज बाईवर रिझवानाबीचा भारीच जीव जडला. तिच्या नवऱ्यानं रोज मेजवान्या मांडायच्या आणि तिनं उभ्यानं पाहुण्यांचं बघायचं. शेवटी एकदा ऐन मेजवानीत तिनं घोडागाडी जोडायला लावली आणि बहिणीकडं निघून गेली.

"एकटीच? आनि जेवान?" रिझवानाबीची भाकरी तव्यावर करपली.

"राहिलं तसंच, अम्मी."

"बरी खोड मोडली गो मेल्याची!"

पुढं झालं असं, की अशाच बायांनी नवऱ्यांच्या सत्तेला कसं तोंड दिलं यावर मुनीराला कॉलेजात निबंध वाचायचा होता, आणि नेमका त्याच दिवशी तमीम दोन वर्षांनी घरी यायचा होता. परदेशातून माणूस आला की घरची रीत ठरलेली. आधी पुरुषांची पंगत, मग सगळ्या गोतावळ्यासमोर त्यानं आणलेला खोका उघडायचा. बायकांनी तोवर चूल सांभाळायची आणि मागाहून उरलंसुरलं खायचं.

"पेणला जायचं नाय," शरीफभाई म्हणाले. "पोरगा येतो नि सून भाषन ठोकते? लोक तोंडात शेण घालतील."

मुनीरानं निबंधाचे कागद गुपचूप फडताळात ठेवले. रिझवानाबीला ते बघवेना. सवयीनं तिची मान हलायला लागली होती, ती मध्येच थांबली.

"ती जाईल," ती म्हणाली. "आनि सून आल्याबिगर खोक्याची दोरी कापायची नाय."

शरीफभाईंनी मागं वळून पाहिलं, दुसरंच कुणी बोललं की काय म्हणून. तोवर तिनं तमीमला फोन लावलासुद्धा. "विमानातून उतरलास की पेणवरून बायकोला घेऊन ये. एकटा आलास तर जेवान नाय!"

तमीम आईच्या शब्दाबाहेर नव्हता. खोका ड्रायव्हरच्या भरवशावर सोडवेना, म्हणून तो खोक्यासकट वर्गात शिरला आणि मागच्या बाकावर बसला. पोरी खुदुखुदु हसल्या, मुनीराही हसली, आणि मग तिनं असा काही निबंध वाचला की तमीमनं मध्येच, भलत्याच ठिकाणी टाळ्या वाजवल्या.

दोघं रोह्याला पोचली तेव्हा भुकेले पाहुणे खोक्याची वाट बघत बसले होते. रिझवानाबीनं दस्तरखान पसरला, शेजारणींना हाका मारल्या, मुनीराला शेजारी घेतलं आणि स्वतःही बसली.

"आज आमी आदी."

"मग वाढनार कोन?" शरीफभाईंनी विचारलं.

तमीम बाह्या सरसावून रश्शाचं पातेलं घेऊन आला. शरीफभाई जरा वेळ बांधलेल्या खोक्याकडं बघत उभे राहिले, आणि मग त्यांनी वाफाळत्या सांदणांचं ताट उचललं.

उभ्या संसारात रिझवानाबी पहिल्यांदा गरम जेवली.